विचारायचे कुणाला

२०२६ च्या १६ जानेवारीला दुपारी लातूर महापालिकेच्या निवडणुकीची मतमोजणी संपत आली तशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी हलगी घुमू लागली. गुलाल उधळणारी पोरे, मोटारसायकलींचे हॉर्न, उघड्या जीपमध्ये हात जोडून उभे असलेले विजयी उमेदवार आणि त्यांच्या गळ्यातल्या झेंडूच्या हारांचा उग्र वास असे सगळे दारासमोरून हळूहळू पुढे सरकत गेले. समोरच्या घरातल्या आक्का ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. गुलाल धान्यात पडू नये म्हणून त्यांनी सुपावर पदर धरला होता. मिरवणूक वळणावरून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. “सर, आपल्या वॉर्डात चौघंजण आले म्हणं निवडून?” मी हो म्हणालो. “मग नळाचं इचारायचं कुणाला?” चौघांपैकी कुणालाही विचारता येईल, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले आणि मान वर न करताच म्हणाल्या, “कुणालाबी म्हंजी कुणालाच नाही की ओ.” एवढे बोलून त्या पुन्हा निवडण्यात गुंतल्या. मी मात्र त्या दिवसापासून लातूरच्या निकालाबद्दल जे जे ऐकतो आणि वाचतो आहे, त्या प्रत्येकापुढे आक्कांचा तो प्रश्न ठेवून पाहतो आहे, आणि उत्तर मिळत नाही.

निकालाचा अर्थ सांगणाऱ्यांची वाण नाही. ७० जागांपैकी काँग्रेसला ४३, भाजपला २२, वंचित बहुजन आघाडीला ४ आणि राष्ट्रवादीला १, हे आकडे आता शाळेच्या शिक्षकखोलीपासून गंजगोलाईतल्या दुकानांच्या फळ्यांपर्यंत सर्वांना तोंडपाठ आहेत. बहुतेकांचे म्हणणे असे की, प्रचाराच्या अखेरच्या टप्प्यात भाजपच्या प्रदेशाध्यक्षांकडून विलासराव देशमुखांच्या आठवणी शहरातून पुसण्याची जी भाषा झाली, तिला शहराने दिलेले हे उत्तर आहे. मला ते पटते. बाभळगावचा सरपंच राज्याचा मुख्यमंत्री झाला, ही गोष्ट आमच्या पिढीने आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. २०१२ च्या १५ ऑगस्टला बाभळगावच्या रस्त्यावर जी माणसे चालत निघाली होती, त्यांत त्यांना आयुष्यात एकदाही मत न दिलेलीही पुष्कळ होती. गेलेल्या माणसाविषयी असे बोलले जाते तेव्हा पक्ष बाजूला राहतो आणि गावाला लागते. मलाही लागले. त्यामुळे निकालाच्या दिवशी मनात एक समाधान होते, आणि ते लपवण्याचे मला कारण वाटत नाही. परंतु त्याच समाधानाच्या पोटात एक अस्वस्थताही होती. उत्तर द्यायचे होते ते दिले गेले, पण ते देण्यासाठी आम्ही जी मते वापरली ती नगरसेवकाची मते होती. नगरसेवकाचे काम गटाराशी, घंटागाडीशी, दिव्याच्या खांबाशी आणि नळाच्या व्हॉल्व्हशी असते. शहराचा मान राखण्याच्या भरात या कामांबद्दल उमेदवारांना कुणी एक प्रश्नही विचारला नाही, असे मला प्रचारभर दिसत राहिले.

लातूरचा मतदार एका पक्षाला कायमचा बांधलेला आहे असे बाहेरचे लोक समजतात, पण आकडे तसे सांगत नाहीत. महापालिका झाल्यावर २०१२ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा काँग्रेसला ४९ जागा मिळाल्या होत्या आणि भाजपला एकही नाही. पाच वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये, तोच भाजप शून्यावरून ३६ वर गेला आणि काँग्रेस ३३ वर थांबली. ज्या शहराने इतकी मोठी उलथापालथ एका पावसाळ्याच्या आणि एका उन्हाळ्याच्या फरकाने केली, त्याला भोळे म्हणता येणार नाही. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौरपदाच्या निवडीत सत्ताधाऱ्यांतल्याच काहींची मते फिरली आणि महापालिका पुन्हा काँग्रेसकडे आली. त्या वेळी मतदाराला कुणी काही विचारले नव्हते. म्हणून आज बहुमताच्या आकड्यावर जे निश्चिंत झाले आहेत, त्यांच्याइतकी निश्चिंतता मला वाटत नाही. मतदानाच्या दिवशी लागलेला निकाल हा पाच वर्षे तसाच राहील, याची हमी या शहराने एकदा गमावलेली आहे.

२०१७ चा निकाल समजून घ्यायचा तर २०१६ चा उन्हाळा आठवावा लागतो.

मांजरा धरणाचा तळ धनेगावला भेगाळून उघडा पडला होता. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली, आणि पाण्यासाठी माणसे एकत्र येऊ नयेत म्हणून पोलीस उभे राहिल्याचे आम्ही पाहिले. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. स्टेशनकडे जाणारी माणसे ती गाडी बघायला गेली होती की तिचे दर्शन घ्यायला, हे मला आजही सांगता येणार नाही. इंजिनाला हार घातले गेले, आणि रुळांच्या कडेला उभ्या असलेल्या कितीतरी बायकांच्या डोळ्यांत पाणी आल्याचे मी पाहिले. त्या महिन्यांत गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर टिपाडांची रांग असे. निळी, काळी, गंजलेली, झाकणावर घराचे नाव ऑइलपेंटने लिहिलेली. टँकर आला की पाइप टाकण्याचा जो आवाज होई, त्याने झोपेतली मुलेसुद्धा उठून कळशी घेऊन धावत. आंघोळीचे पाणी परातीत धरून तेच संडासात टाकायचे आणि भांडी राखेने पुसून घ्यायची, हे शिकवावे लागले नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर टँकरच्या तारखांभोवती लाल पेनाने गोल केलेले असत. त्या पानावर अमावास्या आणि एकादशी शोधायला चष्मा लागत असे, पण लाल गोल लांबूनही दिसत. पुढच्या वर्षी बरोबर त्याच महिन्यात, एप्रिलच्या त्याच कोरड्या झळांमध्ये, आम्ही मतदानाला उभे राहिलो. रांगेतल्या माणसांच्या मनात काय होते ते मतदान केंद्राबाहेरच्या मांडवात बसलेल्या दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांना माहीत होते. त्या वेळी लोकांनी काय मागितले ते स्पष्ट होते. ते किती मिळाले, याचा हिशेब मात्र पुढच्या निवडणुकीत व्हायचा होता, आणि ती निवडणूक वेळेवर झालीच नाही.

मला सर्वांत अधिक बोलायचे आहे ते याच गोष्टीबद्दल. मे २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. राज्यघटनेत नगरपालिकांची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, असे स्वच्छ लिहिले आहे, आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण व्हावी असेही म्हटले आहे. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला, प्रभागांची रचना सरकारे बदलतील तशी बदलत गेली, आयोगाचे अहवाल आले, तारखा पडल्या, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. तीही मुदत पुरली नाही आणि ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरवून द्यावी लागली. आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि ज्या समाजांचा तो होता त्यांच्यासाठी तो फार मोलाचा होता, यात मला शंका नाही. परंतु त्या प्रश्नाच्या आडोशाला साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार एकट्या प्रशासकाच्या सहीवर चालला, आणि या साऱ्या काळात आमच्या शहरात ‘आमचा नगरसेवक आम्हाला परत द्या’ असे म्हणत एखादा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. आमदारकीची जागा सहा महिने रिकामी राहिली असती तर आम्ही गप्प बसलो असतो का? नगरसेवकाची जागा रिकामी राहिली तर आम्हाला ती रिकामी वाटलीच नाही. निकालाच्या तक्त्यात पक्षांचे रकाने आहेत, मतांचे आहेत, नोटाचाही रकाना आहे, पण या उदासीनतेला रकाना नाही. माझ्या दृष्टीने मात्र या निवडणुकीने दाखवलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

प्रशासकाच्या काळात सगळेच वाईट झाले असे म्हणणे खोटे ठरेल. काही रस्ते झाले, कार्यालयातली माणसे नीट बोलत, मोबाइलवर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळे आणि कधीकधी तो क्रमांक घेऊन माणूसही येई. काही शेजाऱ्यांनी मला मोकळेपणाने सांगितले की, नगरसेवक नव्हते तेव्हा कामे अधिक सरळ होत होती, मध्ये कुणाला गाठावे लागत नव्हते. त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले आणि त्यात तथ्य आहे हेही मान्य केले. परंतु काम होणे आणि ते काम का झाले किंवा का झाले नाही हे विचारता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमुक रस्ता आधी आणि तमुक नंतर, असे कुणी ठरवले? पाण्यावर किती खर्च झाला आणि पुढच्या वर्षी किती होणार? अशा प्रश्नांची उत्तरे सभागृहात द्यावी लागतात, कारण तिथे विरोधात बसलेला कुणीतरी उठून उभा राहतो, टेबलावर हात आपटतो, कागद मागतो, आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येते. सभागृहच नसेल तर प्रश्न विचारणारा माणूस अर्जदार होतो. त्याच्या अर्जावर दयाळूपणे विचार होऊ शकतो, पण त्याला उत्तर देण्यास कुणी बांधील राहत नाही.

त्या वर्षांत आमच्या गल्लीचा नगरसेवक म्हणजे व्हॉल्व्हमन होता. त्याचा नंबर आक्कांच्या मोबाइलमध्ये सर्वांत वर आहे. कोणत्या भागाला आज पाणी सुटले, कुठे पाइप फुटला, उद्या रात्री येणार की परवा पहाटे, हे त्याला माहीत असते आणि तो फोन उचलतो. पहाटे तीनलाही उचलतो. लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून जाताना त्याला दहा ठिकाणी थांबवले जाते, आणि जे पाणी धरणातून यायचे आहे त्याबद्दलचा राग त्याला रस्त्यात उभे राहून सोसावा लागतो. पदाने तो सर्वांत खालचा माणूस आणि जबाबदारीने आमच्यासाठी सर्वांत वरचा. कुठलेही मत न मागता त्याने लोकप्रतिनिधीचे काम केले. हे त्याच्यासाठी गौरवाचे आहे आणि शहरासाठी फार दुःखाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

माझ्या लहानपणी लातूरला नगरपालिका होती आणि आमच्या वॉर्डाला एकच नगरसेवक होता. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, पण त्यांचा ओटा मला अजून दिसतो. सकाळी ते ओट्यावर दाढी करत बसत, समोर पितळी वाटीत गरम पाणी, खुंटीला टांगलेला आरसा, आणि भोवती चार-पाच माणसे. त्यांत अडत दुकानावर मुनीम असलेले माझे वडीलही कधीकधी असत. वडील त्यांच्या पक्षाचे नव्हते. मते देताना दुसरीकडे देत असत आणि ते त्या नगरसेवकांनाही माहीत होते. तरीही नालीचे पाणी घरात शिरले की वडील त्याच ओट्यावर जात आणि नगरसेवक अर्धी दाढी तशीच ठेवून, गालाला साबण असताना, त्यांच्याबरोबर नाली बघायला येत. ते फार चांगले गृहस्थ होते असा माझा दावा नाही. त्यांच्याबद्दल गावात इतर गोष्टीही बोलल्या जात, आणि त्या साऱ्याच खोट्या नसाव्यात. परंतु त्यांना ‘ते माझ्याकडे नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. वॉर्डात दुसरा कुणी नव्हताच. ओट्यावर बसणे त्यांना भागच होते, कारण ते घरात लपले असते तर सगळ्या वॉर्डाला कळले असते.

आता एका प्रभागात चार जण आहेत, काही ठिकाणी तीन. २०१२ मध्ये दोन होते. २०१७ मध्ये चार झाले, मग सरकार बदलले आणि पुन्हा एकसदस्यीय वॉर्डाचा निर्णय झाला, मग तीनचा झाला, मग सरकार बदलले आणि गाडी पुन्हा चारवर आली. या प्रत्येक बदलाच्या वेळी कारणे सांगितली गेली, पण कोणत्या रचनेत नागरिकाला आपला माणूस सापडणे सोपे जाईल, हे कारण मी एकदाही ऐकले नाही. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे आणि तिथले राजकारण त्यामुळे अडलेले नाही. चार सदस्यांच्या प्रभागात पक्ष मोठा होतो आणि माणूस लहान होतो. एकेकटा उमेदवार इतक्या मोठ्या भागात पोहोचू शकत नाही, म्हणून तो चिन्हावर अवलंबून राहतो, आणि मतदारही चौघांची नावे लक्षात ठेवण्याच्या भानगडीत न पडता एकाच चिन्हाची चार बटणे शोधतो. या पद्धतीत सर्व समाजघटकांना एकाच पॅनेलमध्ये जागा मिळते, असे तिचे समर्थन करणारे सांगतात. त्यात काही अंश खरा असेल, परंतु आरक्षण एकसदस्यीय वॉर्डातही होतेच आणि चांगले चालतही होते. मला दिसते ते एवढेच की, नालीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला आता चार घरे आहेत आणि त्या चारही घरांतून त्याला उरलेल्या तिघांकडे पाठवता येते.

यंदाचे मतदान नेमके करीच्या दिवशी आले होते. प्रचार भोगीला संपला. दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातावर घराघरांतून तिळगूळ पडत होता आणि भोगीच्या भाजीचा, बाजरीच्या भाकरीवर भाजलेल्या तिळांचा वास गल्लीभर होता. त्याच्या आधी येळवस, म्हणजे शेतात जाऊन पंगतीने जेवण्याची वेळ अमावास्या, येऊन गेली होती. त्या दिवशी निम्मे लातूर रिकामे होते हे सांगायला नकोच, पण यंदा ज्यांना शेत नाही त्यांनाही आमंत्रणांची कमी नव्हती. इच्छुकांच्या शेतातल्या कोपीपुढे पंगती बसल्या, भज्जी आणि आंबील पोटभर झाली, आणि उमेदवारी अजून जाहीर झालेली नसतानाही कोण कुणाच्या शेतात जेवले यावरून तिकिटांचे अंदाज बांधले गेले. मला त्या पंगतीत बसून जेवताना संकोच वाटला, आणि तरीही उठून यावेसे वाटले नाही, कारण शेजारी बसलेली माणसे ओळखीची होती आणि वाढणारा हात प्रेमाने आग्रह करत होता. आमच्याकडचे राजकारण असे जेवणातून आणि नात्यातून चालते. ते सरसकट वाईट आहे असे मला म्हणवत नाही. पण त्या हिवाळी उन्हात, ज्वारीच्या उभ्या पिकात बसून, कुणी पाण्याचे वेळापत्रक विचारणे अशक्य होते. यजमानाला असे काही विचारत नाहीत.

मतदान केंद्रावर अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी निरनिराळ्या रंगांच्या मतपत्रिका यंत्रांवर लावलेल्या होत्या. चारही मते दिल्याशिवाय यंत्राचा आवाज होत नाही, हे बाहेर वारंवार सांगितले जात होते, तरी आत गेलेली वयस्कर माणसे दोन बटणे दाबून आवाजाची वाट पाहत उभी राहत होती आणि अधिकारी त्यांना लांबूनच ‘आजी, अजून दोन राहिली’ म्हणून सांगत होते. माझ्या पुढे एक तरुण होता. माझ्या वर्गात तो कधीकाळी शिकला होता. २०१७ मध्ये तो सतरा वर्षांचा होता, त्यामुळे त्या वेळी त्याला मत नव्हते. आता पंचविशी ओलांडल्यावर, लोकसभेला आणि विधानसभेला मत देऊन झाल्यावर, तो आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गल्लीसाठी मत देत होता. “सर, ह्या चौघांतले एकच मी पाहिलेले आहेत,” असे तो मला म्हणाला. बोटावर मार्करने शाई ओढून घेऊन तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विधानसभेच्या वेळी दिसला होता तसा उत्साह मला दिसला नाही. त्याला दोष देता येत नाही. दिल्लीचे आणि मुंबईचे सरकार कुणी निवडून दिले हे त्याला ठाऊक होते. आपल्या नळाचे सरकार म्हणून काही असते, हे त्याच्या जाणत्या वयात त्याला फारसे दिसलेच नव्हते.

छत्रपती संभाजीनगरला माझी थोरली बहीण असते. तिच्या शहराची तर याहून मोठी कहाणी आहे. तिथे एप्रिल २०१५ नंतर थेट आता मतदान झाले. सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक. याच काळात जायकवाडीहून शहराला पाणी आणण्याच्या नव्या योजनेचे काम सुरू झाले. अडीच हजार मिलिमीटर व्यासाच्या, माणूस आत ताठ उभा राहील इतक्या मोठ्या पाइपांच्या रांगा पैठण रस्त्याच्या कडेला कितीतरी दिवस पडून असलेल्या मी येता-जाता पाहिल्या आहेत. डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले. शहराच्या इतिहासातल्या या सर्वांत मोठ्या खर्चाच्या योजनेची वर्षानुवर्षे चाललेली कामे, वाढलेला खर्च, पुढे ढकललेल्या तारखा या सगळ्यांवर प्रश्न विचारण्यासाठी त्या शहराला एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. ताईला मी फोनवर विचारले की, तुमच्याकडच्या निकालाबद्दल तुला काय वाटते. ती म्हणाली, “निकाल काहीही लागू दे रे, निदान आता दारात जाऊन उभं राहायला एक दार झालं.” ज्यांना तिने मत दिले होते त्यांपैकी कुणीच निवडून आलेले नव्हते. तरी ती हे म्हणाली, याचे मला फार वाटले.

आमच्या निकालात ३५ जागा महिलांच्या होत्या, कायद्यानेच निम्म्या. त्यांच्या फलकांवर त्यांच्या चेहऱ्याएवढाच किंवा त्याहून मोठा नवऱ्याचा, दिराचा, सासऱ्याचा चेहरा होता, आणि निवडून आल्यानंतरच्या मिरवणुकीतही पुढच्या जीपमध्ये तेच होते. हे पाहून खिन्न व्हायला होते. परंतु २०१६ मध्ये गल्लीतले पाणी वाटून घेण्याचे नियम कुणी केले होते ते मी विसरलेलो नाही. कुणाला दोन टिपाडे, ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांना तीन, म्हातारा-म्हातारी एकटी असतील त्यांच्या दारात आधी पाइप न्यायचा, हे सगळे बायकांनी उभ्या-उभ्या ठरवले होते आणि ते पाळले गेले होते. त्या पस्तीस जणींमध्ये अशा बायका नक्कीच आहेत. सभागृहात त्यांच्या नावाने त्यांचे पती बोलणार नाहीत याची काळजी पक्षांनी घेतली नाही तर आम्ही मतदारांनी घ्यावी लागेल. तक्रार घेऊन गेल्यावर ‘ताई कुठे आहेत, मला त्यांच्याशीच बोलायचे आहे’ एवढे म्हटले तरी पुष्कळ होईल.

आणि या शहरात मत नसलेलेही फार आहेत. ट्यूशन एरियातल्या खोल्यांमध्ये राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली हजारो मुले राहतात. आमचे भाडे, आमच्या खानावळी, पाण्याच्या जारचा धंदा, झेरॉक्सची दुकाने त्यांच्यावर चालतात. एका खोलीत चार, एका नळावर वीस. मतदानाच्या दिवशी त्यांना सुटी होती आणि ती आपापल्या गादीवर बसून जीवशास्त्राचे प्रश्नसंच सोडवत होती. त्यांचे नाव इथल्या यादीत नाही, त्यामुळे कोणत्याही उमेदवाराने त्यांच्या जिन्यावर पाय ठेवला नाही. लातूर पॅटर्नचा अभिमान प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात असतो. त्या पॅटर्नची मुले ज्या बोळांतून सांडपाणी चुकवत शिकवणीला जातात, ते बोळ कुणाच्या जबाबदारीत येतात हे ४३ जणांनी आणि २२ जणांनीही सांगायला हवे.

या बावीस जणांबद्दल मला विशेष आशा आहे, आणि हे मी त्यांच्या पक्षाकडे पाहून म्हणत नाही. विरोधात इतक्या संख्येने माणसे बसली आहेत ही शहरासाठी चांगली गोष्ट आहे. सत्तेतल्यांना बहुमत स्पष्ट आहे, त्यामुळे सबब सांगायला जागा नाही. विरोधातल्यांची संख्या पुरेशी आहे, त्यामुळे गप्प बसायला जागा नाही. तीन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे घटनेत आहे, आणि २०११ च्या जनगणनेतच लातूर पावणेचार लाखांच्या पुढे गेले होते. नागरिकांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामे सांगावीत यासाठी क्षेत्रसभांची तरतूदही राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. आमच्या भागात अशी सभा भरलेली मी पाहिलेली नाही. ती भरवण्यासाठी नव्या योजनेची, निधीची किंवा दिल्लीच्या मंजुरीची आवश्यकता नाही. शाळेचा एक वर्ग, चार सतरंज्या आणि चौघांनी हजर राहणे, एवढेच लागते. वर्गाची सोय मी करू शकतो.

मागच्या रविवारी गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून चौघांनाही एकच पत्र लिहिले. अभिनंदन केले आणि खाली एक विनंती केली की, आपण चौघांनी आपसांत कामे वाटून घ्यावीत आणि पाणी कुणाकडे, नाल्या कुणाकडे, दिवे आणि कचरा कुणाकडे हे नाव आणि मोबाइल क्रमांकासह चौकातल्या फलकावर लावावे, मग त्यांचे पक्ष एक असोत वा वेगळे. एकाने पत्र वाचून लगेच फोन केला आणि पाणी माझ्याकडे लिहा, असे सांगितले. दुसऱ्या घरी पत्र दिराने घेतले. उरलेल्या दोघांचे उत्तर अजून आलेले नाही. सत्कार चालू आहेत, महापौरपदाची गडबड आहे, हे आम्ही समजून आहोत. मार्च संपण्याआधी अंदाजपत्रक मंजूर व्हावे लागते. त्याची सभा ज्या दिवशी लागेल त्या दिवशी मी रजा टाकून प्रेक्षकांसाठीच्या जागेत जाऊन बसणार आहे. पाणीपुरवठ्याचे पान निघाले की आमच्या प्रभागातले कोण उभे राहते, काय बोलते आणि कोण बसून राहते, ते मी वहीत लिहून आणणार आहे आणि गल्लीत वाचून दाखवणार आहे.